अर्ध्यावर अडलेली फळी

आमच्या रस्त्यावर ‘देवस्थळी गाडी दुरुस्त करतायत’ असं कुणी म्हणालं, की देवस्थळी झोपलेत असं समजायचं. हे सगळ्या रस्त्याला कळून चुकलं होतं. कळलं नव्हतं ते एका नीरजाला, आणि ती तर त्यांची लग्नाची बायको. असंच असतं म्हणा. घरातलं कळायला शेजारीच व्हावं लागतं.

पण प्रताप देवस्थळीची बाजूही ऐकली पाहिजे.

गाडी म्हणजे मोटरहोम. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण आत ओटा, फ्रिज, पलंग आणि एक माणूस आडवा उभा राहील एवढं न्हाणीघर. दार उघडून आत शिरलं की दोन पायऱ्यांचा खोलगट खड्डा. गाडी चालू असताना तो उघडा राहिला तर पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याचे पाय लोंबकळणार. म्हणून बटण दाबलं की शेजारच्या कपाटाखालून गालिचा चिकटवलेली एक फळी मोटरवर सरकत यायची आणि खड्ड्यावर झाकण बसायचं. मुक्कामी पोचलं की पुन्हा बटण. फळी आत, पायऱ्या मोकळ्या. मोठी ऐटबाज गोष्ट! गाडी घेतली तेव्हा प्रतापने रस्त्यावरच्या प्रत्येकाला बोलावून ती फळी आतबाहेर करून दाखवली होती. कुणी चहाला म्हणून गेलं तरी आधी फळी, मग चहा.

तीच फळी आता अर्ध्यावर येऊन अडली होती. बटण दाबलं की मोटर घुरघुरायची, आतून कटकट कटकट आवाज यायचा, फळी बोटभर हलायची आणि थांबायची. ना पुढे, ना मागे. आत चढायचं तर उरलेल्या अर्ध्या जागेतून अंग चोरून; आणि प्रतापचं पोट काही चोरता येण्यातलं नव्हतं, त्यामुळे तो ड्रायव्हरच्या दारातून चढायचा. डाव्या सीटवर बसणाऱ्याचा एक पाय फळीवर, दुसरा खड्ड्यात. डावी सीट नीरजाची. आणि पुढच्या सोमवारी निघायचं होतं.

सोमवार का, तर सोमवारपासून नीरजाची रजा सुरू होत होती. ती सरकारी खात्यात, कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातून रोज ट्रॅमने शहरात जाणारी. इतकी वर्षं एका जागी काढल्यावर मिळते ती लांबलचक रजा तिने मागितली होती आणि तिची बॉस ॲबिगेल, जी स्वतःच्या आईलाही आठवडाभर आधी वेळ मागायला लावेल अशी बाई, तिने चक्क ‘हो’ म्हटलं होतं. या देशात आल्यापासून नीरजाची एकही रजा तिची स्वतःची नव्हती. एक सासऱ्यांच्या बायपासमध्ये गेली, एक नणंदेच्या बाळंतपणात, एक आईच्या शेवटच्या दिवसांत. उरल्यासुरल्या पुण्यातल्या लग्नांत. विमानतळावरून निघायचं ते कुणाच्या तरी उशाशी बसायला, आणि परत यायचं ते सरळ ऑफिसला. ही पहिली रजा, जिच्यात कुणी आजारी नव्हतं. तिने माश्यांची जाळी लावलेली टोपीसुद्धा आणून ठेवली होती. घालून आरशात बघायची आणि एकटीच हसायची.

प्रतापने आधी फ्यूज बदलला. मग बटण बदललं. मग इंटरनेटवर कुणा टेक्सासच्या म्हाताऱ्याचे व्हिडिओ बघितले. शेवटी डॅनीला बोलावलं. डॅनी हा फिरता मेकॅनिक. माणूस देवगुणी, पण गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे वाकणं त्याच्या धंद्यात बसत नाही. त्याने हातातली कॉफी न सांडता दाराशी कान लावला, प्रतापला दोनदा बटण दाबायला सांगितलं आणि निकाल दिला, “मोटर कॅक्टस आहे, मेट.”

“काय म्हणाला?” नीरजाने खिडकीतून विचारलं.

“मोटर गेली म्हणाला.”

“मग गेली म्हणावं. झाडाला कशाला मध्ये आणतो?”

नवी मोटर अमेरिकेहून मागवावी लागणार होती. कधी येईल? डॅनी आभाळाकडे बघून म्हणाला, हिवाळा संपेपर्यंत येऊन जाईल, नो वरीज. नीरजा खिडकीतून आत गेली. प्रतापने चेहरा पाडला. पाडायला जरा कष्टच पडले, कारण आतून त्याला हायसं वाटलं होतं.

आता हे हायसं वाटणं कुठून आलं ते सांगायला हवं. प्रताप आयटीतला कॉन्ट्रॅक्टर. आज या खात्यात, उद्या त्या खात्यात, आणि दर वर्षी जूनमध्ये सरकारी वर्ष संपत आलं की कॉन्ट्रॅक्ट वाढतंय की नाही म्हणून तासातासाला मेल उघडून बघायचा. बाकीचे लोक रविवारी मुलांना फुटबॉलच्या मॅचला न्यायचे, हा रविवारी सिस्टिम बंद करून चालू करायचा. उशाशी फोन, फोनवर आवाज, आवाजामागे कुणीतरी साहेब. रिटायर झाला त्या दिवशी ऑफिसात केक कापला आणि कुणीतरी विचारलं, “आता पुढे काय?” खरं उत्तर होतं, ‘काही नाही’. पण हातात केकची बशी, समोर पन्नास डोळे, हा बोलून गेला, “ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालणार!” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी घात केला. घरी येईपर्यंत बातमी नीरजाला पोचली होती, आणि नीरजाला ती खरी वाटली होती.

तेव्हापासून प्रताप प्रदक्षिणावाला झाला. मराठी मंडळात लोक पाठीवर थाप मारायचे. उत्तर टोकाच्या उष्ण डार्विनहून भास्करचा, इंजिनिअरिंगच्या मित्राचा, आठवड्याआड फोन. आणि प्रतापला सकाळी उठून बूट घालायचा म्हटलं तरी वाकायचा कंटाळा. झोप व्हायची, पण थकवा जायचा नाही. अंगात नव्हताच तो. कुठे होता देव जाणे. डॉक्टरने रक्त तपासलं, सगळं उत्तम. आता रक्त उत्तम असलेल्या माणसाने बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मला कुठेच जायचं नाही?

शनिवारी, निदान काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून, तो पाना-पक्कड घेऊन गाडीत शिरला. बॅटरीची वायर सोडवली, कडेची पट्टी उघडली, फळी उचलून धरली आणि टॉर्च मारला. खाली एक दातेरी पट्टी होती आणि तिच्यावर चालणारं मोटरचं चाक. दात दिसत नव्हते. दातांच्या जागी गुलाबी-पिवळसर, दगडासारखं घट्ट काहीतरी बसलं होतं. प्रतापने नखाने टोकरलं. हातात आला तो तांदूळ.

आंबेमोहोर. तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार? नीरजाने स्वतः निवडलेला.

झालं होतं असं. मुलाचं, मिहिरचं लग्न मेलबर्नला झालं. मुलगी क्लोई, तिथल्याच क्लेटन उपनगरात वाढलेली, आईबाप मूळचे वसईचे. लग्न चर्चमध्ये, जेवण हॉलमध्ये. नीरजाने सगळ्याला होकार दिला, एकच हट्ट धरला: सुनेने माप ओलांडूनच घरात यायचं. “पण घर कॅनबेराला आहे,” मिहिर म्हणाला. त्यावर नीरजा म्हणाली, “उंबरठा नेता येत नसेल, पण घर नेता येतं ना?” आणि मोटरहोम मेलबर्नला नेली. हॉलच्या पार्किंगमध्ये सासर उभं केलं, दाराला तोरण लावलं, वरच्या पायरीवर दादरहून आणलेलं पितळी माप तांदळाने शिगोशीग भरून ठेवलं.

सुनेला नीट समजावलं होतं, उजव्या पायाने हळूच लवंडायचं. पण क्लोई युनिव्हर्सिटीच्या सॉकर टीमची. तिला ‘राइट फूट’ एवढंच ऐकू आलं. तिने शालू धरला, नेम धरला आणि माप जे भिरकावलं ते थेट गाडीच्या मागच्या पलंगावर! तांदूळ चहूकडे. पार्किंगमधली पोरं “गोऽल” म्हणून ओरडली. नीरजा एक क्षण थिजली आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या. फ्रेडाबाई म्हणजे काही मागे राहणाऱ्यातल्या नव्हेत. “तुमचं झालं ना? आता आमचंबी होऊ द्या,” म्हणत त्यांनी पर्समधून पवित्र पाण्याची बाटली काढली आणि दार, पायऱ्या, फळी, सगळं सढळ हाताने शिंपडून काढलं. वर हळदकुंकू होतंच. तांदूळ इकडचे, पाणी तिकडचं. फळीच्या फटीत शिरून दोन्ही घराण्यांची अशी काही सोयरीक जमली, की वंगणात कालवून, कॅनबेराच्या थंडीत गोठून पार सिमेंट झालं. मोटर बिचारी ठणठणीत होती. जुना टूथब्रश आणि तासाभराचं काम.

प्रताप फळीखाली टॉर्च धरून पडून राहिला. गालिच्याचा धुळकट वास, पत्र्यावर ऊन, आत छान ऊब. फोन घरात. कुणी विचारत नव्हतं पुढे काय. त्याने तांदळाचा तो खडा परत जिथल्या तिथे ठेवला, फळी खाली सोडली, आणि कितीतरी वर्षांनी त्याला दुपारची खरी झोप लागली.

मग काय, रोजच दुरुस्ती सुरू झाली. नीरजा ऑफिसला गेली की हा पाना घेऊन गाडीत. गाडी अंगणात आडवी उभी, दार उघडं, दारातून दिसायचे फक्त बूट, टोकं आभाळाकडे. समोरची सरिता कुत्र्याला फिरवताना रोज बघायची. ती म्हणालीसुद्धा, “दुरुस्ती करणाऱ्या माणसाचे पाय कधीतरी हलतात हो!” पण नीरजाला सांगायला कुणी गेलं नाही. आपल्याला काय करायचंय? आणि इतकी फुकट करमणूक कोण हातची घालवील?

नीरजा संध्याकाळी यायची, कोट न काढता विचारायची, “काही हललं?”

“बघतोय.”

“दमलास का रे?”

“जरा.”

हे मात्र खोटं नव्हतं. मूग गिळून बसायलाही कष्ट पडतात. ती त्याच्या पाठीला मलम चोळायची. दिवसभर वाकून काम करतो म्हणून. पाठ दुखत नव्हती. तो मलम चोळून घ्यायचा आणि भिंतीकडे बघायचा.

बुधवारी भास्करचा फोन आला. “काय रे प्रदक्षिणावाल्या, तुझी फळी हलली का? इथे हवा म्हणजे काय सांगू, पहाटे चादर घ्यावीशी वाटते! एकदा पावसाळा लागला की मग येऊन काय स्वतःला उकडून घेणार आहेस?”

“मोटर यायचीय अमेरिकेहून.”

“मग खड्ड्यावर पाट टाक आणि नीघ! वहिनी काय पडतात थोड्याच?”

प्रतापने फोन ठेवला. नीरजा भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

गुरुवारी संध्याकाळी जेवताना तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, “उद्या ॲबिगेलशी बोलते. रजा मागे घेते म्हणून.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? गाडी हलत नाही. घरी बसून तीन महिने तुझी पाठ चोळू? पुन्हा मागेन कधीतरी.” मग भात कालवत म्हणाली, “ती आता परत देणार नाही म्हणा. नवीन प्रोजेक्ट येतोय.”

प्रतापला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. जे हवं तेच समोरून चालून आलं होतं, आणि तेही त्याच्या तोंडून न निघता. जेवण झाल्यावर नीरजा बैठकीतल्या पिशव्या आवरायला लागली. जाळीची टोपी तिने घडी करायला घेतली. त्या टोपीची घडी होत नाही. ती उलगडायची, पुन्हा दुमडायची, पुन्हा उलगडायची. शेवटी तिने ती तशीच कपाटाच्या वरच्या फळीवर ढकलली आणि कपाट लावलं. रडली वगैरे नाही. रडली असती तर प्रतापने समजूत काढली असती आणि गप्प राहिला असता.

शुक्रवारी उजाडताच गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. नीरजा आंघोळीला गेल्याबरोबर प्रताप जुना टूथब्रश, वंगण काढायच्या डिग्रीसरचा कॅन आणि विणायची सुई घेऊन गाडीत गेला. बोटं गारठली होती. सुईने एकेक दात मोकळा केला, ब्रशने घासला, फडक्याने पुसला. गुलाबी चुरा वाटीभर निघाला. वंगणाने पुन्हा कचरा धरू नये म्हणून सुकं वंगण फवारलं, फळी बसवली, बॅटरी जोडली. या खेपेला त्याचे पाय हलताना सरिताने स्वतः पाहिले. कुत्रा घेऊन ती मुद्दाम दोनदा तिथून गेली.

नीरजा ऑफिसच्या कपड्यांत बाहेर आली, तसं त्याने हाक मारली, “जरा इकडे ये.”

“ट्रॅम चुकेल माझी.”

“ये गं.”

त्याने बटण दाबलं. फळी सरसर आली आणि खड्ड्यावर बसली. पुन्हा दाबलं, सरसर आत. नीरजाने तोंडावर हात नेला. मग तिची नजर वाटीकडे गेली. तिने वाटी उचलली, बोटाने चुरा चाळवला.

“हे आपलं माप?”

“हो.”

“म्हणजे मोटर...”

“मोटरला काही झालं नव्हतं.”

“आज कळलं तुला हे?”

इथे ‘हो’ म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती, आणि प्रतापच्या जिभेवर ते आलंही होतं.

“शनिवारी,” तो म्हणाला.

नीरजा पायरीवरच बसली. “शनिवारी. आणि इतके दिवस तू आत काय करत होतास?”

“झोपत होतो.”

“मी मलम चोळत होते रे!”

“हो.”

“माणसाने सांगावं ना! तोंड आहे ना तुला? ऑफिसात केक खाताना बरं चाललं होतं ते!”

“ते उगीच बोललो होतो गं. कुणीतरी विचारलं म्हणून.” मग जे त्याला कितीतरी महिने जमत नव्हतं ते एका दमात बाहेर पडलं. “थकलोय मी, नीरजा. गाडी चालवायची, मुक्काम शोधायचा, पाणी भरायचं, टाकी रिकामी करायची, आणि सगळीकडे हौशी दिसायचं. मला नाही जमणार ते. काही करायचंच नाहीये मला.”

तिने वाटी बाजूला ठेवली. ट्रॅम केव्हाच गेली असणार.

“आणि मी काय टवटवीत आहे?” ती म्हणाली. “मीही थकलेच आहे. पण मला थकून बघायचंय ते दुसरीकडे कुठेतरी. याच खिडकीतून तीच कचऱ्याची डबडी बघत नाही.” ती उठली, रस्त्याभर ऐकू जाईल असं नाक शिंकरलं. “तुला यायचं नाही ना? राहा घरी. मी जाते.”

“एकटी? ही गाडी कोण चालवणार?”

“मी. कारच्या लायसन्सवर चालते म्हणून रस्त्याभर सांगत फिरत होतास ना? माझ्याकडेही कारचंच लायसन्स आहे.”

“अगं, पण ही वळवताना मागचा भाग...”

“हे बघ. बरोबर यायचं असेल तर डाव्या सीटवर बसायचं. आणि ‘अगं पण’ म्हणायचं नाही. झोपायचं असेल तर झोप. मला झोपलेला नवरा चालेल. खोटं जागणारा नको.”

तो शनिवार-रविवार आमच्या रस्त्याला जन्मभर पुरेल. नीरजा स्टिअरिंगवर, बाजूला प्रताप ओठ घट्ट मिटून. पहिल्या फेरीत तिने सरिताचा कचऱ्याचा हिरवा डबा आडवा केला. दुसऱ्या फेरीत तोच डबा पुन्हा. “एकाच डब्याशी काय वैर आहे गं?” सरिता ओरडली. “सराव करतेय!” नीरजा ओरडून म्हणाली. प्रतापने एकदा नुसता श्वास जोरात घेतला, तर तिने गाडी थांबवून त्याच्याकडे बघितलं. त्यानंतर तो श्वासही बेताने घेऊ लागला.

ॲबिगेलशी ती बोललीच नाही. सोमवारी दव वितळल्यावर निघाले. अर्धा रस्ता फाटकांत उभा होता. म्हणायला निरोप द्यायला, खरं म्हणजे डब्यांच्या काळजीने. प्रताप डाव्या सीटवर, पाय फळीवर पसरून, मांडीवर नकाशा आणि चेहऱ्यावर देवळात चप्पल हरवलेल्या माणसाचा भाव. तो खुशीत होता असं कुणी म्हणणार नाही. पण मुकाट्याने बसला होता, हे नीरजाने नंतर फोनवर सरिताला सांगितलं, आणि सरिताने अर्थातच सगळ्यांना.

‘यास’ नावाच्या गावाच्या अलीकडेच त्याला डुलकी लागली. ट्रक अंगावरून गेल्यासारखे शेजारून जात होते, नीरजाचे तळवे घामेजले होते, आणि हा घोरत होता. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले. काउरा गावाच्या बाहेर, पिवळ्या कुरणांमध्ये, गाडी खड्ड्यातून गेली आणि तो दचकून उठला. त्याचा हात सवयीने फोन चाचपायला गेला. फोन नव्हता, नीरजाने मागे डब्यात ठेवला होता.

“कुठे आलो?”

“माहीत नाही. मेंढ्या आहेत.”

“मी घेऊ का जरा चालवायला?”

तिने त्याच्याकडे बघितलं. डोळे तांबारलेले, दाढीची खुंटं वाढलेली, विचारलं ते नुसतं विचारायचं म्हणून.

“खरं सांग.”

“नको,” तो म्हणाला आणि मान पुन्हा खिडकीला टेकवली.